परदेशातून: गाणं कुणाचं, पैसे कुणाला?

मुंबईत गाण्यांची एखादी सेवा बंद पडली किंवा तिने फुकट ऐकवणं थांबवलं, की आमच्या मित्रमंडळींत तोच वाद नव्याने पेटतो. 2022 मध्ये 'गाना'ने फुकट ऐकणाऱ्यांना दार लावलं तेव्हा पेटला, 2024 च्या जानेवारीत 'रेसो' गेलं तेव्हा पेटला, आणि त्याच वर्षी एअरटेलने 'विंक' गुंडाळायचं ठरवलं तेव्हा तर बरेच दिवस धुमसत राहिला. एक बाजू म्हणते, रेडिओवर आयुष्यभर फुकट ऐकलं, आता गाण्याला महिन्याचे पैसे का मोजायचे? दुसरी म्हणते, मराठी माणूस नाटकाचं तिकीट काढतो, पण गाण्याला हात आखडतो, म्हणून मराठी गाणं मागे पडलं. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं. तू स्टॉकहोमला राहतेस, स्पॉटिफायच्या गावात. तिथले लोक बघ कसे निमूट पैसे भरतात, सांग जरा यांना.

सांगते, पण वेगळं सांगते. स्वीडनमधला माणूस जन्मतः गाण्याचे पैसे देणारा नव्हता. 2003 मध्ये पायरेट बे ही फुकटेगिरीची जगप्रसिद्ध साइट याच देशात सुरू झाली. चोरून गाणी उतरवणं इतकं सर्रास होतं, की त्या बाजूने बोलणारा एक राजकीय पक्ष उभा राहिला आणि 2009 च्या युरोपीय निवडणुकीत त्याला 7 टक्क्यांहून जास्त मतं पडली, युरोपीय संसदेत जागा मिळाली. स्पॉटिफाय 2006 मध्ये स्थापन झालं आणि ऑक्टोबर 2008 मध्ये लोकांसाठी उघडलं, ते या पिढीसमोर. 1 एप्रिल 2009 ला अशा चोरीविरुद्ध कडक कायदा लागू झाला, त्याच दिवशी देशातली इंटरनेटची वाहतूक एकदम घसरली. त्याच महिन्यात पायरेट बेच्या चौघांना शिक्षा सुनावली गेली. वर्ष संपायच्या आत तेलिया या टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांना स्पॉटिफाय जोडून द्यायला सुरुवात केली. महिन्याला 99 क्रोना, आणि चोरी करण्यापेक्षा सोपं अ‍ॅप. थोडी भीती, पुष्कळशी सोय आणि परवडेल अशी किंमत, एवढ्यातून ही सवय लागली. तिला संस्कार म्हणणं खरं नाही.

आपल्याकडेही टेलिफोन कंपन्यांनीच गाणी घराघरांत नेली. फरक असा, की स्वीडनमध्ये गाण्याला किंमत आहे हे ग्राहकाला दिसत होतं. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा कवडीमोल झाला आणि गाणी रिचार्जसोबत आली. गाण्यासाठी वेगळा रुपया कधी मोजलाच नाही त्या माणसाला आज अचानक 'तू कलेची कदर करत नाहीस' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांनी सवय लावली त्यांनी कंपनीचे ग्राहक वाढवून घेतले, आणि बोल मात्र डोंबिवली फास्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाला लागतो.

त्या माणसाचं ऐकणंही नीट बघावं असं मला वाटतं. मुंबईत गाणं एकट्याचं फारसं नसतं. लोकलच्या डब्यात टाळ आणि ठेका धरणारी भजनी मंडळं आहेत. गणपतीच्या दिवसांत चाळीच्या जिन्यात कुणाच्या तरी फोनवर आरती लागते आणि बाकीचे तिच्यात सूर मिसळतात. 'बेस्ट'ला 2023 मध्ये, बसमध्ये हेडफोनशिवाय फोनवर काही लावायचं नाही, असा आदेश काढावा लागला. त्रास होता, आदेश योग्यच होता. पण त्या त्रासामागे गाणं चारचौघांत लावायचं असतं ही जुनी समजूतही होती. इथे स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत डबा पूर्ण शांत असतो, प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं. एक खातं, एक माणूस, महिन्याची वर्गणी, हा हिशेब अशा शहराला बरोबर बसतो. माझी आई गिरगावात स्वयंपाक करता करता फोनशी बोलून 'जुनी मराठी भावगीतं' मागते आणि यूट्यूबवर दोन-अडीच तासांची सलग माळ सुरू होते. घरातले तिघेचौघे ती ऐकतात. वर्गणीच्या हिशेबात हे कुटुंब कुठेच धरलेलं नाही.

म्हणून फुकट की विकत, या वादात मी कुठल्याच बाजूला उभी राहत नाही. माझा प्रश्न त्या सलग माळेबद्दल आहे. तिच्यातलं सातवं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे आईला पडद्यावर दिसत नाही. तिला ते पाठ आहे, म्हणून चालून जातं. माझ्या भाचीला पाठ नाही, आणि तिला ते सांगणारंही कुणी नाही.

आकाशवाणीच्या निवेदकांनी आपल्याला हे शिकवलं होतं. गीतकार, संगीतकार, गायक, अशी तीन नावं घेतल्याशिवाय गाणं वाजत नसे. कितीतरी मराठी घरांत कवितेची ओळख पाठ्यपुस्तकाआधी या तीन नावांतून झाली. त्याच्याही मागे जा. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तिने गाण्याच्या शेवटी मोठ्याने 'माय नेम इज गौहर जान' म्हटलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या, तिथल्या कामगाराला लेबलवर बरोबर नाव लावता यावं म्हणून ही सोय होती. गाण्यासोबत नाव गेलं नाही, तर ते पुढे कुणी शोधत बसत नाही, हे त्या काळातल्या लोकांना पक्कं कळलं होतं.

आज नाव हरवलं तर केवळ मान हरवत नाही, पैसाही हरवतो. वर्गणी आणि जाहिरातींतून येणारी रक्कम त्या त्या देशात एकत्र जमा होते आणि कोणतं गाणं एकूण ऐकण्याच्या किती हिश्शाचं धनी आहे, त्यावर वाटली जाते. 30 सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. त्यातला मोठा वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे, म्हणजे बहुतेकदा कंपनीकडे जातो. गीतकार आणि संगीतकारांचा वाटा वेगळ्या वाटेने, आपल्याकडे 1969 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीमार्फत जातो. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या 2012 च्या कायदादुरुस्तीने तर ठरवून दिलं, की गीतकार-संगीतकारांना हा वाटा लिहून देऊन टाकता येणार नाही. कायदा भक्कम आहे. पण गाण्याच्या नोंदीत गीतकाराचं नावच नसेल, किंवा चुकीचं असेल, तर तो वाटा पोचवायचा कुठे?

मराठीत तर ही नोंद विशेष काळजीने करायला हवी. शांता शेळके यांनी काही गीतं 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली. लता मंगेशकर यांनी साठच्या दशकात मराठी चित्रपटांना 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. हे आपल्याला माहीत आहे, यंत्राला नाही. अवसरे आणि शेळके एकच, हे कुणीतरी नोंदवल्याशिवाय त्या दोन अनोळखी व्यक्तीच राहतात. शिवाय एकच नाव इंग्रजी अक्षरांत चार प्रकारे लिहिलं जातं आणि एकाच गाण्याच्या चार प्रती वेगवेगळ्या नावांखाली पडून राहतात. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला आहे, की मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसे नाहीत. एखाद्या शाहिराचा पोवाडा चार प्रतींत विभागला गेला आणि प्रत्येक प्रत हजाराच्या आत राहिली, तर लोकांनी ऐकूनही हाती शून्य.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं. म्हणजे 1950 च्या दशकातल्या मराठी रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण आज सगळ्यांना खुलं आहे, कुणीही ते चढवू शकतं. पण ग. दि. माडगूळकरांचं निधन 1977 चं, त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 संपेपर्यंत जिवंत आहे. जुनी गाणी चढवणारे उत्साही लोक मुखपृष्ठावर गायकाचा फोटो लावतात आणि कवीला विसरतात, तेव्हा ते नुसतं विसरणं नसतं.

पैसे भरणाऱ्या देशात हे सगळं आपोआप सुधारतं, असं मात्र समजू नका. दागेन्स नीहेतर या इथल्या मोठ्या दैनिकाने 2024 मध्ये शोधून काढलं, की एकाच स्वीडिश संगीतकाराची वाद्यसंगीताची रेकॉर्डिंग 650 हून जास्त बनावट कलाकारनावांनी स्पॉटिफायवर आहेत आणि ती अब्जावधी वेळा वाजली आहेत. अभ्यास करताना, झोपताना लोक ती लावतात. पैसे नियमित भरतात. कुणाचं ऐकतोय हे त्यांना ठाऊक नाही आणि ते विचारतही नाहीत. माझ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. स्वीडनकडून पैसे भरायची सवय जरूर उचला. ही बेफिकिरी नको.

आदर्श हवाच असेल तर तो आपल्या घरी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. ओवी ऐकताना ती म्हणणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, ओवीचे शब्द असतात. पहाटे दळताना ओवी म्हणणाऱ्या बाईला इतक्या सन्मानाने नोंदवता येतं, तर कंपन्यांच्या कपाटात करार आणि कागद असलेल्या भावगीतांना का नाही? जागा नाही असंही नाही. स्पॉटिफायवर 2018 पासून गाण्याचं श्रेय बघायची सोय आहे. ती भरायची जबाबदारी गाणं चढवणाऱ्या कंपनीची. कितीतरी मराठी गाण्यांपुढे ती उघडून बघा, गायकाचं नाव दिसेल आणि बाकी कोरं. त्याच अ‍ॅपची भाषा 2021 पासून मराठी करता येते. बटणं मराठी झाली, माणसं तेवढी गायब राहिली.

आता परदेशातल्या आपल्या लोकांविषयी, कारण इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्यातले पुष्कळ जण भारतातलं खातं तसंच चालू ठेवतात, कारण ते स्वस्त पडतं. 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा महिन्याचा दर 119 रुपये होता, इथे त्याच्या कितीतरी पट. पण वाटप देशवार होतं, म्हणून स्टॉकहोमच्या खात्यातून वाजलेलं मराठी गाणं दादरच्या खात्यातून वाजलेल्या गाण्यापेक्षा किती तरी जास्त पैसे घेऊन परत जातं. मराठी संगीतासाठी काही करावंसं वाटणाऱ्या इथल्या माणसाला याहून सोपं काम नाही: इथलं खातं काढा, आणि त्यावर मराठी ऐका. मंडळाच्या गणेशोत्सवात कुणाच्या तरी फोनवर आलेली, नाव-गाव नसलेली फाइल वाजवू नका.

दुसरं काम मुंबईत राहणाऱ्यांनाच करता येईल. गिरगाव, दादर, पार्ल्याच्या माळ्यांवर अजून कॅसेटचे खोके आहेत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं, तिथून घेतलेल्या कॅसेट आणि सीडी कुणी टाकून दिलेल्या नाहीत. त्यांच्या डबीतल्या घडीच्या कागदावर गीतकार, संगीतकार, कधी कधी वादकांचीही नावं छापलेली आहेत. ती टाकू नका. फोटो काढा आणि म्युझिकब्रेन्झसारख्या खुल्या नोंदवहीत भरा, तिथे कुणालाही नोंद करता येते. कंपनीला गाण्याच्या नावासह पत्र लिहा आणि श्रेय दुरुस्त करायला सांगा. आमच्या ग्रुपवर मी हे मांडलं आहे. ज्यांना टंकायचा कंटाळा असेल त्यांनी कागदांचे फोटो मला पाठवावेत, इथल्या हिवाळ्यात संध्याकाळी लांब असतात, नोंदी मी करीन.