फोर्ट ली, फोर्ट ब्रॅग आणि ‘इतिहास पुसला’ ही ओरड

‘अमेरिकेने २०२३मध्ये नऊ लष्करी तळांवरची आपल्याच शूर सेनापतींची जुनी नावं काढून इतिहास पुसला, ट्रम्प यांनी ती २०२५मध्ये परत आणली’ असा मजकूर खूप फिरतोय. नावं बदलली हे खरं, पण त्याभोवतीचा एकही दावा टिकत नाही.

‘आपलेच’? ज्यांची नावं या तळांना होती ती रॉबर्ट ई. ली, ब्रॅग, हूड, पिकेट ही मंडळी अमेरिकी गृहयुद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या (‘कॉन्फेडरेट’) राज्यांकडून अमेरिकेच्याच सैन्याविरुद्ध लढली. ‘शूर सेनापती’ म्हणाल, तर हूडने १८६४मध्ये फ्रँकलिन आणि नॅशव्हिलला स्वतःच्या फौजेची धूळधाण करून घेतली. आणखी एका तळाला ज्याचं नाव होतं तो बेनिंग तर मुळात न्यायाधीश. १८६१मध्ये व्हर्जिनियात जाऊन त्याने भीती घातली ती ही, की गुलामगिरी गेली तर काळे गव्हर्नर होतील, काळे ज्युरीत बसतील.

‘जुनी नावं’? युद्ध संपलं १८६५मध्ये, नावं पडली १९१७ ते १९४२च्या दरम्यान. दक्षिणेत तळ उभारताना तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांची मर्जी राखली गेली. काळ्यांना तिथे मतदानही जवळपास अशक्य होतं, त्यांना कोण विचारणार?

राहिला ‘इतिहास पुसला’. खुद्द लीने १८६९मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावरच्या स्मारकाच्या कामाला नकार देताना युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असं लिहिलं होतं. आणि इतिहासच हवा असेल तर आर्थर ग्रेग यांचा घ्या. हा काळा अधिकारी तरुणपणी फोर्ट लीवर नेमणुकीला होता, पण तिथल्या ऑफिसर्स क्लबात त्याला प्रवेश नव्हता. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. एप्रिल २०२३मध्ये त्याच तळाला त्यांचं आणि चॅरिटी अ‍ॅडम्स यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ९४ वर्षांचे ग्रेग समारंभाला हजर होते. अ‍ॅडम्स यांनी दुसऱ्या महायुद्धात युरोपात काळ्या महिला सैनिकांच्या टपाल बटालियनचं नेतृत्व केलं होतं. २०२५मध्ये या दोघांचं नाव उतरवलं गेलं. पुसणं याला म्हणतात.

शेवटचा दावा, ‘परत आणली’. कॉन्फेडरेट नावं काढायला लावणारा कायदा अमेरिकी संसदेने जानेवारी २०२१मध्ये ट्रम्प यांचा नकाराधिकार डावलून केला होता. त्यातून वाट काढायला त्याच आडनावांचे दुसरे सैनिक शोधले गेले. फोर्ट ली आता कागदोपत्री फिट्झ ली यांच्या नावाने आहे. स्पॅनिश-अमेरिकन युद्धात मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवलेले ते काळे सैनिक, मोठ्या सन्मानाचे हक्कदार. पण जून २०२५मध्ये फोर्ट ब्रॅगवरच्या भाषणात घोषणा करताना ट्रम्प यांनी नाव घेतलं ते रॉबर्ट ई. ली याचं.