रिझर्व्ह, सिनिऑरिटी आणि ‘बसून पगार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या एअरलाइन्सच्या रिझर्व्ह वैमानिकांवरचा (म्हणजे ठरलेली उड्डाणं नसलेल्या आणि गरज पडेल तेव्हा बोलावल्या जाणाऱ्या वैमानिकांवरचा) लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रिझर्व्हवरचा वैमानिक घरी बसून पगार घेतो, मग त्याची तक्रार कसली? सिनिऑरिटी म्हणजे आधी लागला त्याचं राज्य, गुणाला तिथे किंमत नाही. आणि रिझर्व्ह एवढं जाचक असेल, तर काही सिनिअर वैमानिक ते मागून का घेतात? तिसऱ्या मुद्द्यातलं निरीक्षण बरोबर आहे, त्याचं कारणही सांगतो. पहिले दोन मात्र मला मान्य नाहीत.

पगाराचं आधी. रिझर्व्हला महिन्याला ठरावीक उड्डाण-तासांच्या पगाराची हमी असते, करारानुसार साधारण ७० ते ८० तास. उड्डाण झालं नाही तरी तेवढे पैसे मिळतात, हे खरंच आहे. पण कंपनी त्या पैशांत त्याचा वेळ विकत घेते. शॉर्ट कॉलवर, म्हणजे ऐनवेळी बोलावलं जाण्याच्या पाळीवर, असलेल्या माणसाचा उपलब्धतेचा काळ सलग १४ तासांपर्यंत असू शकतो. त्या काळात फोन आला की तो उचलायचा आणि बहुतेक ठिकाणी दोनेक तासांत विमानतळावर हजर व्हायचं. दारू नाही, दूरचा प्रवास नाही आणि मुलाला शाळेतून आणायचं वचनही देता येत नाही. विमानतळावरच बसवून ठेवलं, तर तो सगळा वेळ थेट ड्यूटीत मोजला जातो. घरी बसलेल्याचं गणित वेगळं असतं आणि खरी अडचण तिथेच येते.

एक दिवस तासांनिशी मांडून बघू. उपलब्धता पहाटे ४ ते संध्याकाळी ६. सकाळी १० ला क्रू शेड्युलिंगचा (कुणाला कुठलं उड्डाण द्यायचं ते ठरवणाऱ्या विभागाचा) फोन येतो: १२ वाजता रिपोर्ट, तीन उड्डाणांची ट्रिप. दुपारी १२ ला सुरू होणाऱ्या अशा ड्यूटीला फेडरल नियमांच्या भाग ११७ मधला, म्हणजे वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या नियमांतला, तक्ता १३ तास देतो, म्हणजे रात्री १ पर्यंत. पण रिझर्व्हला आणखी एक मर्यादा आहे. उपलब्धता सुरू झाल्यापासून एकूण वेळ तक्त्यातले तास अधिक ४, किंवा १६ तास, यांतलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता येत नाही. १३ अधिक ४ म्हणजे १७, म्हणून इथे १६ लागू. पहाटे ४ पासून १६ तास मोजले की रात्रीचे ८ वाजतात. त्याच्या हातात ड्यूटीचे तेरा नव्हे, आठच तास आहेत. तिसरं उड्डाण ८ वाजून ४० मिनिटांनी उतरणार असेल, तर ती ट्रिप त्याला देताच येत नाही. १० वाजता उपलब्धता सुरू झालेला माणूस शोधावा लागतो, कारण त्याला रात्री १ पर्यंत मुभा आहे.

गडबड बहुतेक वेळा उशीर झाल्यावर होते. निघताना हिशेब बसत होता, दुसऱ्या उड्डाणाला वादळामुळे दीड तास उशीर झाला आणि तिसरं उड्डाण मर्यादेबाहेर गेलं. अनपेक्षित कारण असेल तर ही मर्यादा दोन तासांपर्यंत वाढवता येते, पण त्याला कॅप्टनची संमती लागते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वाढ एकदा घेतली की सलग ३० तासांची सुट्टी मिळेपर्यंत पुन्हा घेता येत नाही. नियम मोडणारी ट्रिप कंपनीने द्यायची नाही आणि वैमानिकाने घ्यायची नाही, अशी जबाबदारी दोघांवर आहे. म्हणूनच जुने रिझर्व्ह वैमानिक फोनवर ‘हो’ म्हणण्याआधी आपली शेवटची वेळ कागदावर काढतात आणि शेड्युलरला ती मोठ्याने सांगतात. शेड्युलर शंभर माणसांची जुळवाजुळव करत असतो, त्याच्या स्क्रीनवरही चूक राहू शकते.

आता झोपेचं. उपलब्धता दुपारी २ ला सुरू होते. त्याआधी १० तासांची विश्रांती आणि त्यात ८ तास झोपेची सलग संधी द्यावी लागते, ती मिळाली. माणूस रात्री झोपून सकाळी ७ ला उठला. फोन आला रात्री ८ वाजता, रिपोर्ट १० ला, दोन उड्डाणं. त्या वेळेला तक्ता ११ तास देतो, अधिक ४ म्हणजे १५, म्हणून पहाटे ५ पर्यंत सगळं कायदेशीर. पण पहाटे ५ ला विमान उतरवणारा तो माणूस २२ तास जागा आहे. नियम झोपेची संधी देऊ शकतो, भरदिवसा झोप आणून देऊ शकत नाही. त्यामुळे उशिराच्या पाळीचा अनुभवी वैमानिक फोनची वाट न बघता दुपारी दीड-दोन तास पडून घेतो. आदल्या संध्याकाळीच अजून कुणाला न दिलेल्या ट्रिप आणि रिझर्व्हच्या यादीतला आपला क्रमांक बघून ठेवतो. चार दिवस शिल्लक असलेल्याला सहसा एका दिवसाच्या ट्रिपवर खर्ची घालत नाहीत, त्यामुळे आपल्याइतकेच दिवस उरलेले किती जण पुढे आहेत हे कळलं की अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. तरीही थकवा असेल तर ‘मी उड्डाणाला योग्य नाही’ असं सांगणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

हे नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यामागे १२ फेब्रुवारी २००९ चा बफेलोजवळचा कोल्गन एअरचा अपघात आहे. त्यात ५० माणसं गेली. दोन्ही वैमानिक दुसऱ्या शहरांतून नेवार्कला कामावर येणारे होते आणि थकव्याचा त्यांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता तपास अहवालाने नोंदवली. केवळ माल वाहणाऱ्या उड्डाणांना मात्र भाग ११७ आजही सक्तीचा नाही. मला ही सवलत मुळीच पटत नाही. पार्सल नेणाऱ्या वैमानिकाचं शरीर वेगळं नसतं.

सिनिऑरिटीकडे येतो. ती काय ठरवते आणि काय नाही, यात तुमच्या प्रतिक्रियेत गल्लत झाली आहे. बेस (नेमणुकीचा विमानतळ), विमानाचा प्रकार, उजवी की डावी सीट (फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक, की कॅप्टन), महिन्याचं वेळापत्रक, रजा, आणि कपात झाली तर कोण आधी घरी जाणार, हे सगळं रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतं. चाचणीत पास-नापास त्यावरून ठरत नाही. कॅप्टन होण्याची पाळी क्रमांकाने येते, पण सिम्युलेटरमध्ये एका इंजिनवर विमान नीट उतरवता आलं नाही तर क्रमांक कामाला येत नाही.

मग बाकीचं गुणवत्तेवर का नको? गुण मोजणार कशाने? वेळेवर निघणं, इंधनाची बचत, रद्द न केलेली उड्डाणं? पंखांवरचा बर्फ पुन्हा काढायला लावणारा, वादळ बघून जादा इंधन मागणारा, बिघाड नोंदवून विमान न नेणारा कॅप्टन या सगळ्या मोजमापांत मागे पडेल. त्याच्या ‘नाही’मुळे कंपनीचा खर्च होतो. पण त्या ‘नाही’मुळे त्याचा बेस किंवा त्याची रजा जाणार नाही, एवढी खात्री सिनिऑरिटी देते. प्रवासी म्हणून मला तरी असाच कॅप्टन हवा.

व्यवस्थेत दोष आहेत आणि ते मोठे आहेत. क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. १९९१ मध्ये ईस्टर्न आणि पॅन अॅम या एअरलाइन्स बंद पडल्यावर अनुभवी कॅप्टन दुसरीकडे यादीच्या तळाला, पहिल्या वर्षाच्या पगारावर लागले. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही एअरलाइन घेतली तेव्हा तिथले वैमानिक मोठ्या संख्येने एकत्रित यादीच्या शेवटी गेले. त्यानंतर २००७ च्या मॅकॅस्किल-बाँड कायद्याने याद्या न्याय्य रीतीने एकत्र करणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी १३ डिसेंबरला निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं, वरच्या जागा रिकाम्या होणं जवळपास थांबलं, पाठोपाठ मंदी आली आणि तळाचे वैमानिक वर्षानुवर्षं रिझर्व्हवरच राहिले. वरचे निवृत्त होणं आणि खाली नवी भरती होणं, दोन्ही लागतं. रिझर्व्हची गरज तेवढीच राहते आणि खाली माणूस नसेल तर ती तळाच्यालाच भरावी लागते.

यावरूनच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळतं. कंपनीतल्या एकूण क्रमांकापेक्षा त्या बेसवर, त्या विमानावर, त्या सीटवर आपण कितवे आहोत, हे महत्त्वाचं. समजा एका बेसवर ३०० फर्स्ट ऑफिसर आहेत आणि तुम्ही ६० वे. शनिवार-रविवार घरी, हव्या त्या ट्रिप. तोच माणूस कॅप्टन झाला आणि १५० कॅप्टनांत १४० वा आला, त्यांतले शेवटचे ३० रिझर्व्हवर असले, तर पगार वाढला पण पुढची काही वर्षं फोनच्या धाकात गेली. म्हणून कितीतरी जण पाळी येऊनही कॅप्टनची जागा घेत नाहीत. उलट, बेसच्या शहरातच राहणारा सिनिअर वैमानिक लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर मुद्दाम रिझर्व्ह मागतो. तिथे बहुधा लाँग कॉल असतो, सुमारे १२ तासांची पूर्वसूचना मिळते, फोन कमी येतात आणि हमीचे पैसे ठरलेले असतात. त्याने निवड केलेली आहे. तळाच्या माणसापुढे निवडच नसते आणि माझा लेख त्याच्याबद्दल होता.

तळाच्यानेही बिड, म्हणजे महिन्याच्या वेळापत्रकासाठीची पसंतीची यादी, मात्र नीट भरावी. महिन्याचं वेळापत्रक वाटणारं सॉफ्टवेअर सिनिअरपासून खाली येतं. मिळणारच नाहीत अशा ट्रिपांवर सगळ्या ओळी खर्च केल्या की शेवटी उरलंसुरलं वाट्याला येतं. रिझर्व्हच मिळणार हे दिसत असेल, तर सुट्ट्या सलग हव्यात की विखुरलेल्या, उपलब्धता पहाटेची की दुपारची, लाँग कॉल की शॉर्ट कॉल, हे क्रमाने मागावं. दुसऱ्या शहरातून येणाऱ्याने सलग सुट्ट्या आधी मागाव्यात आणि पाळी उशिराची घ्यावी, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने बेसला पोहोचता येतं आणि क्रॅश पॅडमधली (बेसजवळच्या भाड्याच्या सामायिक खोलीतली) एक रात्र वाचते. त्या दिवशी दुपारी थोडं झोपायचं, हे त्यानेही धरून चालावं.