एमओयूच्या फोटोनंतर

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, तेव्हापासून भारतातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केला की तोच वाद निघतो. प्राध्यापक म्हणतात, कंपन्यांना संशोधनावर पैसा सोडायचाच नसतो. कंपनीतले म्हणतात, विद्यापीठाला पेपर छापण्यापलीकडे कशाशी देणंघेणं नसतं. दोन्हींत तथ्य आहे. आपला संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलाय आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या वर. जर्मनीत हा खर्च ३ टक्क्यांहून जास्त आहे आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश उद्योग करतात.

पण इथे जर्मनीत एका विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागात काम करताना मला जाणवणारा फरक पैशाच्याही आधीचा आहे. गेल्या हिवाळ्यात एका छोट्या कारखान्याचा इंजिनिअर तेलकट फडक्यात गुंडाळलेलं बेअरिंग घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला. कुणाला न विचारता त्याने कपाटातून भिंग काढलं, कारण आठ वर्षांपूर्वी याच खोलीत त्याने पीएच.डी. केली होती. बेअरिंगच्या आतल्या कड्यावर राखाडी, निस्तेज पट्टा उमटला होता. वंगण कमी पडतंय की मोटरमधून वीज झिरपतेय, यावर तो आणि आमची एक विद्यार्थिनी दुपारभर वाद घालत बसले. करार बऱ्याच नंतर झाला.

अशी ये-जा इथे नेमणुकीच्या नियमांतच आहे. उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत प्राध्यापक व्हायला साधारणपणे पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली किमान तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. उद्योगांसाठी उपयोजित संशोधन करणाऱ्या, १९४९ मध्ये सुरू झालेल्या फ्राउनहोफर संस्थेच्या प्रयोगशाळांचे संचालकही बहुधा जवळच्या विद्यापीठात शिकवत असतात. आपल्याकडे यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसाला प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट उघडली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ती वाट कंपनीतून वर्गाकडे येते. तरुण प्राध्यापकाने दोन वर्षं कारखान्यात काढली तर परतल्यावर त्याच्या बढतीचं काय, हे त्याला कुणी खात्रीने सांगत नाही. मग तो जाईल कशाला?

एका राज्य विद्यापीठातल्या माझ्या मित्राचं उदाहरण जिव्हारी लागण्यासारखं आहे. एका कंपनीबरोबरच्या एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. त्यानंतर गुप्ततेच्या कराराचा मसुदा अकरा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. पेटंट कुणाच्या नावावर, विद्यार्थ्याने निबंध कधी छापायचा, एवढेच दोन मुद्दे. तोवर कंपनीने डिझाइन बदललं आणि विद्यार्थी दुसरीकडे नोकरीला लागला. ब्रिटनमध्ये विद्यापीठ आणि उद्योगांच्या सहकार्यावरच्या २००३ च्या लॅम्बर्ट अहवालानंतर यासाठी नमुना करार तयार करून ठेवले गेले. कुणाचा हक्क किती, याचे पर्याय त्यात आधीच मांडलेले असतात, वाटाघाट तिथून सुरू होते. आपल्याकडे हे काम महागडं नाही, फक्त कुणीतरी बसून करायला हवं. संशोधन अनुदानावर जीएसटी लावायचा की नाही, हा घोळ सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने मिटवलाच ना!

इथेही सगळं आलबेल नाही. कंपनीच्या पैशावरचा प्रबंध कधीकधी गोपनीयतेच्या शिक्क्याखाली वर्षानुवर्षं पडून राहतो आणि चार वर्षं राबलेल्या मुलाला मुलाखतीत दाखवायला काही उरत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. आपण जर्मनीकडून काही घेणार असू, तर छापण्याची मुदत करारात आधीच लिहून घ्यावी.

मित्र आता दुसऱ्या एका कंपनीशी बोलतोय. मी त्याला म्हटलं, त्यांच्या कारखान्यात तुझ्या विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन दिवस बसायला टेबल मिळेल का, ते पहिल्याच बैठकीत विचार. विचारलं, म्हणाला. टेबल मिळणार आहे, ओळखपत्राचं अजून ठरायचंय.