सुट्टीच्या तारखा आधी सांगा

उन्हाळी सुट्टीवरून महाराष्ट्रात दर वर्षी तेच भांडण होतं. २०२५ च्या मार्चमध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालवायचं वेळापत्रक निघालं आणि सगळीकडून ओरड झाली. पालक म्हणाले, गावची तिकिटं काढून झाली आहेत. शिक्षक म्हणाले, पेपर तपासून १ मेला निकाल कसा लावायचा? विदर्भातल्यांचा प्रश्न होता, एवढ्या उन्हात पोरांना वर्गात बसवायचं कसं? मग वाद नेहमीच्या वळणावर गेला. एका बाजूला ‘आमच्या वेळी दीड-दोन महिने मामाच्या गावाला असायचो’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘एवढी सुट्टी हवीच कशाला, सीबीएसई या केंद्रीय मंडळासारखं एप्रिलमध्येच वर्ष सुरू करा’ म्हणणारे. जर्मनीत बसून हे ऐकताना वाटतं, भांडण सुट्टीच्या लांबीवर चाललंय आणि दुखणं तारखांचं आहे.

लांबीत खरं तर फारसा फरक नाही. महाराष्ट्रात दीर्घ सुट्ट्या आणि सणांच्या सुट्ट्या मिळून, रविवार सोडून, वर्षाला ७६ दिवसांची मर्यादा आहे. जर्मनीत राज्यांनी आपसांत केलेल्या १९६४ च्या हाम्बुर्ग करारानुसार शाळांना वर्षाला ७५ दिवस सुट्टी असते. शनिवार त्यात धरलेला असतो आणि सणांच्या सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या मिळतात. तिथल्या उन्हाळी सुट्टीच्या वाट्याला जेमतेम सहा आठवडे येतात, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीएवढेच. ‘परदेशात बघा, मुलांना किती मोकळा वेळ मिळतो’ हे अमेरिकेकडे बघून म्हणता येईल, जर्मनीकडे बघून नाही.

फरक आहे तो आखणीत. जर्मनीतल्या १६ राज्यांचे पाच गट केलेले आहेत. चार गट दर वर्षी उन्हाळी सुट्टीची जागा आपसांत बदलून घेतात. पाचव्या गटातली बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग ही दोन राज्यं कायम शेवटी असतात. उद्देश सरळ आहे: सगळा देश एकाच शनिवारी महामार्गावर येऊ नये आणि समुद्रकाठच्या, डोंगरातल्या गावांचा हंगाम लांबावा. २०२५ मध्ये सॅक्सनीची सुट्टी २८ जूनला सुरू झाली आणि बव्हेरियाची १५ सप्टेंबरला संपली. सगळ्या राज्यांना एकाच वेळी सुट्टी होती ती फक्त १ ते ८ ऑगस्ट. आणि या तारखा किती आधी कळतात? २०३० पर्यंतच्या आजच ठरलेल्या आहेत. नोकरदार आईबाप त्या बघून वर्षभराची रजा टाकतात, आजी-आजोबा त्या बघून दवाखान्याच्या तारखा घेतात.

हे सगळं गुण्यागोविंदाने चालतं असं नाही. बव्हेरियाला मे-जूनमध्ये पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी असते, त्यामुळे उन्हाळी सुट्टी लवकर घेणं तिला परवडत नाही. बाकीची राज्यं म्हणतात, लवकरची गैरसोयीची पाळी दर वेळी आमच्याच वाट्याला का? २०२५ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने हा विषय काढला आणि बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झोडर यांनी साफ नकार दिला. शिवाय शाळा बुडवून स्वस्त विमान पकडलं तर दंड होतो, काही राज्यांत हजार युरोपर्यंत. बव्हेरियात तर सुट्टीच्या आदल्या दिवशी विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या पालकांना हटकल्याची उदाहरणं आहेत. तो कडकपणा आपल्याकडे आणावा असं मुळीच सुचवायचं नाही.

महाराष्ट्राला मात्र या पद्धतीतून घेण्यासारखं आहे, आणि त्यासाठी नवीन काही शोधायला नको. दोन गोष्टी नियमात आधीपासूनच आहेत. पहिली म्हणजे विदर्भाची वेगळी तारीख: २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भातल्या २३ जूनला. दुसरी गोष्ट समायोजनाची. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून तेवढे दिवस गणेशोत्सवात किंवा नाताळात द्यायचे असतील, तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने शाळांना तसं करता येतं. कोकणातल्या शाळांना गणपतीत लांब सुट्टी मिळते ती अशीच. म्हणजे विभागवार तारखा हे तत्त्व राज्याने मानलेलंच आहे. फक्त ते सुट्टीच्या शेवटाला लावलं जातं, सुरुवातीला नाही. विदर्भ-मराठवाड्याची सुट्टी २० एप्रिलच्या आसपास आणि मुंबई-कोकण-पुण्याची २ मेपासून सुरू झाली, तर ऊन आणि गाडीतली गर्दी दोन्हींवर थोडा उतारा पडेल. आडवा येईल तो शिक्षण हक्क कायदा: पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. तेव्हा एप्रिलमध्ये दिलेले दहा दिवस दिवाळीतून किंवा शनिवारांतून काढावे लागतील. विदर्भातल्या पालकांना विचारलं तर ते दिवाळीतले चार दिवस खुशीने सोडतील असं मला वाटतं.

तारखा आधी सांगण्याला रेल्वेचा हिशोब जोडलेला आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस होतं. १ मेच्या गाडीचं आरक्षण २ मार्चला उघडतं आणि कोकणाकडच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी बघता बघता लागते. सुट्टीचं परिपत्रक एप्रिलमध्ये आलं तर पालकांपुढे दोनच वाटा उरतात: अंदाजाने तिकीट काढून नंतर रद्द करायचं, नाहीतर आदल्या दिवशी तात्काळसाठी बसायचं, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला. परिपत्रक फेब्रुवारीअखेर निघालं तरी निम्मा त्रास वाचेल. त्याला पैसा लागत नाही.

गणपतीला हा इलाज लागू पडत नाही. तिथी सगळ्यांची एकच, ती विभागवार कशी वाटणार? जर्मनीतही नाताळच्या सुट्ट्या सगळीकडे जवळपास एकाच वेळी येतात आणि गाड्या तशाच भरतात. त्यात कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, आणि रोहा-वीर सोडलं तर जवळजवळ सगळी एकेरी. समोरून येणारी गाडी स्थानकात थांबवूनच दुसरी सोडावी लागते. गणपती बहुधा पावसाळी वेळापत्रकात येतात, म्हणजे वेगही कमी. म्हणून जादा गाड्या जितक्या वाढतात तितका सगळ्यांचाच उशीर वाढतो. चाकरमान्यांचा राग रास्त आहे, पण दुहेरीकरणाशिवाय तो शमणार नाही.

आता मामाच्या गावाबद्दल. लहानपणीच्या त्या सुट्टीची गंमत आंबे-फणस-करवंदांइतकीच, पुण्याची, नागपूरची आणि मुंबईची भावंडं एकाच वेळी एका घरात असण्यात होती. विभागवार सुट्टी केली तर ही भावंडं चुकतील अशी भीती घालतात, ती खोटी नाही. जर्मनीत २०२५ सारख्या वर्षी सॅक्सनीतल्या आणि बव्हेरियातल्या चुलत भावंडांना एकच आठवडा मिळतो. महाराष्ट्रात एवढी ओढाताण करायची गरज नाही. सुरुवातीत दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवलं तरी २ मेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळे मोकळे राहतात. हापूसचा हंगाम मेअखेर उतरतो आणि कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे ज्यासाठी गावाला जायचं ते सगळं या काळात बसतं.

जर्मनीतल्या मराठी मुलांची भावंडांशी गाठ बहुतेक वर्षी पडतच नाही. यांना सुट्टी लागते तेव्हा तिकडे शाळा सुरू झालेल्या असतात. आंबा संपलेला, भावंडं घटक चाचणीच्या अभ्यासात, बाहेर मुसळधार पाऊस. मग आशा उरते ती गणपतीची, आणि तिथे राज्याराज्यांत फरक पडतो. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. बव्हेरियातल्या म्युनिकच्या मुलांना सुट्टी होती, फ्रँकफर्टच्या मुलांची १५ ऑगस्टलाच संपली होती, आणि कोलोन-ड्युसेलडॉर्फच्या मुलांची शाळा नेमकी चतुर्थीच्या सकाळी उघडली. धार्मिक सणासाठी मुख्याध्यापकांकडे एक दिवसाची रजा मागता येते, पण सुट्टीला जोडून आलेला दिवस मिळणं सर्वांत अवघड. दिवाळीत पारडं फिरलं: लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात कोलोनला शरद ऋतूची सुट्टी होती, म्युनिकला नव्हती. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि बव्हेरियाची सुट्टी त्याच दिवशी संपते. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा गावाला बसवून यायचं असेल तर शाळेचे पहिले दोन दिवस बुडणारच. तेव्हा रजेचा अर्ज जुलैत, शाळा बंद होण्याआधीच, सणाचं नाव आणि तारीख लिहून द्यावा, आणि परवानगी लेखी हातात येईपर्यंत परतीचं तिकीट काढू नये.