म्युझियम सगळ्यात शेवटी

कोल्हापूरसाठी काहीतरी भव्य झालं पाहिजे, यावर गावात सहसा दुमत नसतं. भांडण असतं ते काय भव्य व्हावं यावर. कुणाला चित्रनगरी वाढवायची असते, कुणाला चपलेचं म्युझियम हवं असतं, कुणाला रंकाळ्यावर रोषणाई. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल दाखवली आणि सुरुवातीला ती कुठली याचा उल्लेखसुद्धा केला नाही. तेव्हापासून तर या चर्चेला ऊत आलाय. माहेरी फोन केला की दहा मिनिटांत गाडी तिथे येते. "जगात नाव झालंय, आता आपण त्याचा फायदा उठवायला पाहिजे," असं दादा म्हणतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "तुमच्या डंडीनं नाही का एक म्युझियम बांधून गाव वर काढलं?"

मी स्कॉटलंडमधल्या डंडीत राहते. दादा म्हणतो ते म्युझियम म्हणजे व्ही अँड ए डंडी, डिझाइनचं म्युझियम. जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी ते टे नदीच्या काठावर उभं केलं, सप्टेंबर २०१८ मध्ये ते उघडलं. सुरुवातीचा अंदाज साडेचार कोटी पौंडांचा होता, खर्च झाला आठ कोटी. (अंदाजपत्रक फुगवण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या माहितीसाठी.) इमारत देखणी आहे, प्रवेश फुकट आहे, आणि इथल्या पावसात तो आडोसा बरा वाटतो. पण या इमारतीने गाव वर काढलं हे काही खरं नाही. गाव आधीच उठून बसलं होतं. म्युझियम आलं ते सगळ्यात शेवटी.

डंडी हे तागाचं गाव. ताग यायचा बंगालमधून आणि इथल्या गिरण्यांत देवमाशाच्या तेलाने मऊ करून कातला जायचा. मग इथल्याच भांडवलदारांनी आणि इथल्याच मॅनेजरांनी हुगळीच्या काठी गिरण्या काढायला हातभार लावला आणि धंदा तिकडे गेला. एका भारतीय बाईने इथल्या तागाच्या म्युझियममध्ये जाऊन ही गोष्ट ऐकायची म्हणजे थोडं अवघडच होतं. तागानंतर घड्याळं आली. टाइमेक्सच्या कारखान्यात १९८० च्या दशकात सिंक्लेअर कंपनीचे छोटे, स्वस्त घरगुती कॉम्प्युटर जुळवले जायचे. त्यातले बरेचसे मागच्या दाराने गावात पोचले असं इथली जुनी माणसं अजून हसत हसत सांगतात. ते खरं असो वा नसो, गावातल्या पोरांच्या हातात कॉम्प्युटर लवकर आले. संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये ही पोरं एकमेकांना भेटली. टाइमेक्समध्येच काम केलेल्या डेव्हिड जोन्सने १९८७ मध्ये गेम बनवणारी कंपनी काढली. तिचा 'लेमिंग्ज' १९९१ मध्ये आला आणि जगभर खेळला गेला. १९९३ मध्ये कडवट संप होऊन टाइमेक्स बंद पडलं, पण तोवर गावाला दुसरा हुन्नर लागला होता. १९९७ मध्ये इथल्या ॲबर्टे विद्यापीठाने कॉम्प्युटर गेम्सची पदवी सुरू केली, जगातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. पुढे २०१० मध्ये इथली एक मोठी गेम कंपनी धाडकन बुडाली. शेकडो लोक रस्त्यावर आले, पण सगळे गाव सोडून गेले नाहीत. त्यातल्या कित्येकांनी चार-चार जणांत मिळून छोट्या कंपन्या काढल्या. विद्यापीठ इथेच होतं, ओळखीपाळखी इथेच होत्या, गाळ्यांची भाडी परवडत होती. म्हणजे म्युझियमची फीत कापली गेली तेव्हा या सगळ्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

दादाला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, "त्यांच्याकडं टाइमेक्स होतं, आपल्याकडं काय हाय?"

आपल्याकडे पडदे होते. शाहू महाराजांच्या राजाश्रयाने नाटक कंपन्या कोल्हापुरात नांदल्या, त्यांना रंगवलेले पडदे लागायचे, ते रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू. पडदा रंगवणाऱ्या हातांना हलत्या चित्राचा नाद लागला. आनंदराव लवकर गेले, पण बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला स्वतःचा कॅमेरा बनवला, फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात सुरू केली. सरकारने कुठलीही 'नगरी' घोषित न करता हे घडलं. एका कसबाच्या पोटातून दुसरं कसब निघालं, अगदी टाइमेक्समधून गेम निघाले तसंच. फरक पुढे आहे. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. जाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, जिथे सोय तिथे माणूस जाणारच. पण नव्वदहून जास्त वर्षांनंतरही कोल्हापूरचं पोर कलानिकेतन या कलाशिक्षणाच्या संस्थेतून बाहेर पडलं की बॅग भरतं. आसपासच्या गावांत मालिकांची चित्रीकरणं होतात, वाडा कोल्हापूरचा, शेत कोल्हापूरचं, बोलीसुद्धा कोल्हापूरची, आणि संकलन, ध्वनी, पटकथा या ज्या कामांना खरा पैसा मिळतो ती मुंबईत होतात. चित्रनगरीत आणखी एक रेल्वे स्टेशनचा सेट उभा केल्याने हे बदलणार नाही. संकलन शिकलेल्या दहा जणांना गावात बसून काम मिळालं तर बदलेल.

आता जागेचं बघा. कोल्हापुरातल्या जयप्रभा या जुन्या चित्रपट स्टुडिओची जमीन विकली गेल्याचं २०२२ मध्ये बाहेर आलं तेव्हा कलाकार मंडळी धरण्यावर बसली. मी इथून व्हिडिओ बघत होते आणि मनात येत होतं की यांच्या हातात घोषणांशिवाय काहीच कसं नाही? स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गावातल्या लोकांच्या संस्थेला एक हक्क दिला: एखाद्या जमिनीत आम्हाला रस आहे अशी आधी नोंद करून ठेवायची, मग मालकाने ती विकायला काढली की पहिली संधी त्या संस्थेला. आधी हा हक्क फक्त ग्रामीण भागात होता, २०१५ च्या कायद्याने तो शहरांनाही मिळाला. फुकट काही मिळत नाही, वाजवी किंमत मोजावी लागते, पण त्यासाठी सरकारी निधीतून मदत मागता येते. डंडीतली मेडो मिल ही तागाची जुनी गिरणी, आज तिच्यात कलाकारांचे भाड्याचे स्टुडिओ आहेत. रंगाचे डाग पडलेली फरशी, तुटका जिना, थंडीत बोटं आखडतील असे हॉल. कुणी तिथे सेल्फी काढायला जात नाही. पण तसली जागा नसेल तर नदीकाठच्या म्युझियममध्ये ठेवायला काही तयारच होणार नाही.

चपलेकडे मी मुद्दाम उशिरा येतेय, कारण तिच्यावर बोलताना आपला सगळ्यांचा तोल जातो.

प्राडाने चोरी केली, हा गावातला सूर. भावना कळते. पण कायद्याने बघितलं तर २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे, हेही आपण सोयीस्कर विसरतो. अथणी-निपाणीच्या कारागिराचा त्यावर तेवढाच हक्क आहे. प्राडाने ते नाव वापरलंच नव्हतं, त्यामुळे मानांकनाला धरायला काही नव्हतं. जो रोज ते नाव वापरतो आणि ज्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही तो चोर आपल्याच बाजारात बसलाय. रेक्झिनचा तळ, मशीनची शिलाई, चिकटवलेली वेणी, आणि पाटीवर 'अस्सल कोल्हापुरी'. मुंबईत, पुण्यात, खुद्द कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत, तिथलं हॅरिस ट्वीड हे लोकरीचं कापड. ब्रिटिश संसदेने १९९३ मध्ये खास त्याच्यासाठी कायदा केला. लोकर त्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, विणकाम बेटावर राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी हातमागावर केलेलं हवं, शेवटची धुलाई आणि सफाईसुद्धा बेटांवरच. मी हा माग बघितलाय. घरामागे पत्र्याची शेड, आत लोखंडी माग, विणकर सायकलसारखे पायडल मारत बसलेला, विजेची मोटर नाही कारण कायद्यात बसत नाही. गिरणीची गाडी सूत आणून टाकते आणि विणलेलं, तेलकट वासाचं कापड घेऊन जाते. शेवटी कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाचा माणूस ते तपासतो आणि मगच त्यावर गोलावर क्रॉस असलेला शिक्का बसतो. शिक्का नाही तर ते हॅरिस ट्वीड नाही, कापड कितीही झकास असो.

२००४ मध्ये नायकेने या कापडाचे बूट काढले होते. तेव्हा हजारो मीटरची ऑर्डर आली, एकट्या विणकराला पेलणारी नव्हती म्हणून ती बेटावरच्या विणकरांत वाटली गेली. आपली प्राडाची गोष्ट जवळजवळ हीच, फक्त तिथे कंपनीने आधी विचारलं, कारण न विचारता ते नाव बुटावर लावताच आलं नसतं. मात्र त्याने बेटांचं कल्याण झालं असं समजू नका. दोनच वर्षांनी एका उद्योजकाने तिथली मोठी गिरणी घेतली आणि आठ हजारांहून जास्त नक्षींपैकी फक्त चार ठेवल्या. विणकर घरी बसले. दुसरी एक बंद गिरणी नव्याने सुरू झाली म्हणून धंदा तगला. बड्या कंपनीची ऑर्डर येते आणि जाते. त्या दोन वर्षांत टिकून राहिली ती कायद्यातली व्याख्या आणि माग चालवता येणारी माणसं.

म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड आपल्याकडे बनवून घेणार असं जाहीर झालं, तेव्हा दादाइतका आनंद मला झाला नाही. वाईट वाटलं असंही नाही. करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, तो मला जोडांच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलेवर क्यूआर कोड आणला, तेही बरंच झालं. पण कोड स्कॅन करणारं गिऱ्हाईक आणि बनावट माल जप्त करणारा निरीक्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आपल्याकडे नाही.

आणि कातडं? बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायचं, आरीने भोक पाडून कातड्याच्याच वादीने तळ शिवायचा, खिळा लावायचा नाही, हे सगळं कातडं वेळेवर आणि परवडेल अशा भावात मिळालं तरच. २०१५ मध्ये महाराष्ट्रात लागू झालेल्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कोल्हापुरीला म्हशीचं कातडं चालतं, पण कातड्याच्या गाडीला रस्त्यात कोण कुठे अडवेल याची धास्ती सगळ्या धंद्यालाच बसली. प्राडावर तावातावाने बोलणारे पुढारी या विषयावर तोंडात गुळणी धरतात. अभिमान कोल्हापुरीचा, पण कच्च्या मालाचं नाव काढायचं नाही, असा हा प्रकार आहे.

डंडी म्हणजे स्वर्ग नव्हे हे सांगायला हवं, नाहीतर 'परदेशात बसून शिकवतेय' हा शेरा ठरलेलाच. या गावात गरिबी आहे, अमली पदार्थांनी मरणाऱ्यांचं प्रमाण लाज वाटावी इतकं आहे, आणि म्युझियमपासून चालत अर्ध्या तासावर अशा वस्त्या आहेत जिथल्या लोकांना त्या इमारतीशी काही देणंघेणं नाही. तिकडे ग्लासगोत वास्तुविशारद मॅकिंटॉशने बांधलेलं कलाविद्यालय २०१४ मध्ये जळालं, दुरुस्ती चालू असताना २०१८ मध्ये पुन्हा जळालं, आणि वर्षानुवर्षं नुसता सांगाडा उभा राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा मला पहिल्यांदा तीच इमारत आठवली. कोल्हापूरकरांनी आणि सरकारने पुनर्बांधणीचा विषय निदान लगेच हातात घेतला. या बाबतीत आपण ग्लासगोला शिकवू शकतो.

पण एक गोष्ट हेब्रिडीजकडून घेण्यासारखी आहे. तिथे ट्वीड कोण विणणार हे आडनावावरून ठरत नाही. बाहेरून बेटावर राहायला आलेलं माणूससुद्धा शिकतं, माग घेतं आणि विणायला बसतं. आपल्याकडे कातडं कमवणारे ढोर, चप्पल शिवणारे चर्मकार, आणि दोघांच्या पोरांना त्या कामाबरोबर काय काय ऐकून घ्यावं लागलं हे सगळ्या गावाला माहीत आहे. सुभाषनगरातल्या, म्हणजे चप्पल कारागिरांच्या वस्तीतल्या, पोराने रापी (कातडं कापायचं हत्यार) खाली ठेवून आयटीआयला नाव घातलं तर "परंपरा मरतेय" म्हणून गळा काढायचा हक्क मला नाही, दादालाही नाही. त्याला जायचं तर जाऊ दे. ज्याला राहायचंय त्याला जोडामागे एवढा दाम मिळू दे की रापी हातात धरणं कमीपणाचं वाटणार नाही. वेण्या घरी बसून बायका वळतात, त्यांनाही त्यात हिशेबाने वाटा हवा. आणि शाहूंच्या गावात हा हुन्नर सगळ्यांना खुला हवा. कला महाविद्यालयात चप्पल बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढा, शिकवायला चप्पल लाईनला, म्हणजे गावातल्या चपलांच्या बाजाराला, माल पुरवणारे जुने कारागीर प्राध्यापकाच्या पगारावर घ्या. म्युझियमच्या अंदाजपत्रकातल्या नुसत्या कारंज्याच्या पैशात हे बसेल. पहिल्या वर्षी त्यात किती पाटील-जोशांची पोरं नाव घालतात ते मला बघायचंय. दादाचा थोरला यंदा बारावीला आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू म्हटलं तर फोनवर जरा वेळ कुणी बोललं नाही, मग वहिनींनी विषय बदलला.