चोर सोडून संन्याशाला

गाडी चालू न होण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे किल्ली फिरवली की नुसतं टक् आणि पुढे काहीच नाही, त्यात बॅटरी गेली हे शेंबडं पोरगंही सांगतं. दुसरा प्रकार भयंकर. स्टार्टर झकास फिरतो, इंजिन गुरगुरतं, आपण खुश होऊन सीटबेल्ट ओढायला लागतो आणि दोन सेकंदात सगळं गप. परत फिरवा, परत गुरगुर, परत गप. आमच्या सेकंड हँड हॅचबॅकने हे धंदे सुरू केले ते ऐन पावसाळ्यात, आणि तेही रोज नाही, फक्त मला उशीर झालेला असेल त्या दिवशी.

आपल्याकडे गाडी बंद पडली की माणसं कुठून उगवतात देव जाणे. तिसऱ्या मजल्यावरचे काका "प्लग साफ कर" म्हणाले, त्यांच्या आयुष्यात स्कूटर असल्यापासून जगातल्या प्रत्येक आजाराचं मूळ प्लगमध्येच आहे. इस्त्रीवाला म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी गेलंय. एकाने बॉनेट उघडून नुसतंच "हं" केलं आणि तो निघून गेला, तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. मग अर्थातच धक्का. चार जणांनी घामाघूम होऊन पार गेटपर्यंत ढकलली, सेकंडला टाकून क्लच सोडला, गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. काका म्हणाले, "अजून जोरात ढकलायला पाहिजे होती."

या सगळ्या गोंधळात मीटरच्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र असलेला एक पिवळा दिवा टकाटका मिचकत होता, पण दिव्याकडे बघतंय कोण! तो मला पहिल्यांदा दाखवला माझ्या पुतणीने, वय वर्षं नऊ, "काका, हा लाइट पण बिघडलाय का?"

तर तो दिवा म्हणजे इमोबिलायझर, चोराला गाडी चालू करू न देणारी यंत्रणा. किल्लीच्या काळ्या डोक्यात एक चिप असते, तिला स्वतःची बॅटरी वगैरे काही नसते (बॅटरी असते ती दार उघडायच्या रिमोटला, त्यामुळे सेल बदलून काही होत नाही, मी बदलून घेतलाच). इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक रिंग बसवलेली असते. किल्ली घातली की रिंग चिपला जागं करते, चिप आपला कोड सांगते, तो ईसीयूकडे म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जातो, जुळला तर इंजिन चालू राहतं आणि नाही जुळला तर इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद. मग धक्का मारा नाहीतर बैल जुंपा, पेट्रोलच सुटणार नाही. म्हणजे सोसायटीचा वॉचमन जसा टेम्पो भरून सामान नेणाऱ्याला सलाम ठोकतो आणि मालकाला "कुठल्या फ्लॅटला?" विचारतो, तसला प्रकार. खरा चोर असता तर टोइंगची गाडी आणून उचलून घेऊन गेला असता, दिवा मिचकत बसला असता तसाच. या चोरीविरोधी यंत्रांची किंमत इन्शुरन्सवाल्यांना बरोबर कळलीये, आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयने (गाड्या तपासून पास करणारी संस्था) पास केलेलं यंत्र बसवलं तर ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये 2.5 टक्के सूट, आणि तीसुद्धा जास्तीत जास्त 500 रुपये.

पहिली पायरी म्हणजे दुसरी किल्ली लावून बघायची. ती एकटी लावायची, दोन्ही चिपवाल्या किल्ल्या एकाच की-चेनमध्ये असल्या तर कोड वाचताना गोंधळ होऊ शकतो. आमची दुसरी किल्ली बायकोने इतकी सुरक्षित ठेवलेली की ती शोधण्यात अख्खा रविवार गेला, सापडली ती पासबुकांच्या पिशवीत. लावली. गुरगुर, गप.

सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथे अर्थातच पहिल्या फटक्यात चालू. "प्रॉब्लेम दिसत नाहीये सर," म्हणत त्यांनी गाडी धुऊन दिली. पुढच्या खेपेला टो करून नेली तेव्हा स्कॅनर लावला, कोड आला पी 0513, म्हणजे चुकीची किल्ली. दोन्ही किल्ल्या माझ्या, दोन्ही ओरिजिनल, आणि दोन्ही चुकीच्या! अ‍ॅडव्हायजरने टाय सारखा करत निदान सांगितलं, "ईसीयू गेलाय सर, नवीन टाकून किल्ल्या परत प्रोग्राम कराव्या लागतील." एस्टिमेट बघून मला वाटलं यात शेजारची गाडीपण धरलीये.

शेवटी नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्याने एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. तो घरी आला, हातात जुनाट मल्टीमीटर, तोंडात मावा, त्यामुळे बोलणं कमी. बॅटरी बघितली, 12.6 व्होल्ट, ठणठणीत. मग म्हणाला, "येक किल्ली फेल तर किल्ली खराब. दोन्ही फेल तर किल्लीला कशाला शिव्या घालायच्या?" एवढी साधी गोष्ट कुणालाच कशी सुचली नाही, मला राग आला आणि आनंदही झाला. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून त्याने रिंगकडे जाणाऱ्या वायरीला मीटर लावला, मीटरवर ओएल, म्हणजे सर्किट तुटलेलं. रिंग काढून नुसती मोजली तर एकदम व्यवस्थित. मग कनेक्टर परत लावून बोटाने जरासा दाबला आणि आकडा आला, सोडला की गायब. कनेक्टर त्याने उन्हात धरून मला दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढी एक पिन इतरांपेक्षा केसभर मागे सरकलेली. आधीच्या मालकाने तिथे म्युझिक सिस्टिमच्या वायरी घुसवताना कुणीतरी हिसका दिला असणार. किल्ली जोरात फिरवली की पिन टेकायची, नाही तर नाही. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने त्याने पिन पुढे ढकलली, कट्ट आवाज आला. दिवा एकदा लागला, विझला, गाडी सुरू.

घेतले तीनशे रुपये, आणि जाताना सांगितलं, "वॉशिंगवाल्याला स्टिअरिंगखाली पाणी मारू देऊ नका."

काका गॅलरीतून बघत होतेच. "प्लग साफ केला ना शेवटी?" त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर देणार तेवढ्यात सर्व्हिस सेंटरमधून एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला, "सर, ईसीयूचं एस्टिमेट आज अ‍ॅप्रूव्ह केलंत तर लेबरवर 10 टक्के सूट आहे, आणि सोबत वॉशिंग फ्री."