इथं बाच असतो

आठ वर्षांच्या पोराने काल मला मागच्या पानावर बसवलं. अजून डोक्यातून जात नाही.

निवृत्तीनंतर कुराण नीट तज्वीदने, म्हणजे शुद्ध उच्चारांच्या नियमांनी, वाचायचं मनात घेतलं, तेव्हा घरीदारी कौतुक झालं. पण रत्नागिरीतल्या आमच्या मोहल्ल्यात मोठ्यांचा वेगळा वर्ग नाही. हाफिजसाहेबांनी मला मगरिबच्या (संध्याकाळच्या) नमाजानंतर पोरांच्याच मकतबात, म्हणजे कुराण शिकवायच्या वर्गात, बसवलं आणि माझा सबक (धडा) ऐकायचं काम एका चुणचुणीत कार्ट्याकडे दिलं.

नूरानी कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक. त्यातला सुट्या अक्षरांचा धडा निभावला. पुढचा मुरक्कबातचा, म्हणजे जोडलेल्या अक्षरांचा. सुटा असताना ऐसपैस पसरलेला बा जोडणीत शिरला की त्याचा नुसता दात उरतो. ता, सा, नून, या यांचीही तीच गत. कोण कोणता, हे ओळखायचं नुक्त्यांवरून, म्हणजे ठिपक्यांवरून. एक खाली असला तर बा, दोन खाली असले तर या. आणि माझ्या वाट्याला आलेला कायदा झेरॉक्स!

"या," मी वाचलं.

"बा."

"खाली दोन नुक्ते आहेत."

"एक नुक्ता आहे, चाचा. दुसरा डाग आहे."

एसटीच्या मिणमिणत्या दिव्यात फाटक्या नोटांचे नंबर वाचलेला कंडक्टर मी. चष्मा पुसला, पान ट्यूबलाइटखाली धरलं. दोन्ही सारखेच काळे, सारखेच गोल.

"डाग कशावरून?"

"इथं बाच असतो."

"म्हणजे तू वाचत नाहीस, तुला पाठ आहे!"

त्याने बोटाला लागलेली चिंचेची गोळी चाटली. "माझं झालंय. तुमचं व्हायचंय."

मग ज्वाद हा हरफ, म्हणजे अक्षर. जिभेची कड वरच्या दाढांना लावून काढायचा. डावीकडून सोपा जातो म्हणतात. माझ्या तिकडच्या दाढा गेल्या साली काढल्या, हे मी तोंड उघडून दाखवलं. त्याने वाकून, अगदी दंतवैद्यासारखं, आत पाहिलं. "मग उजवीकडून काढा." बाकीची पोरंही बघायला जमली.

खरं सांगायचं तर राग पोराचा नाही. लहानपणी आम्हाला कोणी शिकवलंच नाही असं. छडी होती, मखरज (अक्षर तोंडात कुठून काढायचं त्या जागा) नव्हते. उस्ताद म्हणायचे, आम्ही मागून ओरडायचो. जाल, जे, ज्वाद, जोय या चौघांचं मी 'जहाज'मधल्या एका ज वर आयुष्यभर भागवलं आणि इतक्या वर्षांत एकाही माणसाने टोकलं नाही. आता म्हणे हरफ बदलला की अर्थ बदलतो. हे तेव्हा ठाऊक नव्हतं का कोणाला? मशिदीच्या रंगकामाला वर्गणी निघते, पण पोरांच्या हातात स्वच्छ छापलेला कायदा द्यायला कोणाचा खिसा हलत नाही.

पुढचं पान मी आधीच चाळून ठेवलंय. तिथे मुकत्तआत आहेत, कुराणातल्या एकोणतीस सूरांच्या (अध्यायांच्या) सुरुवातीला येणारी अक्षरं. छापलेली जोडून, वाचायची मात्र सुटी: अलिफ, लाम, मीम. त्यातही लाम आणि मीम लांबवायचे, अलिफ नाही. जोडणी शिकता शिकता माझा घसा सोलवटला, आणि आता ही!

"जोडून का नाही वाचायचं?" मी विचारलं.

"ते पान अजून तुम्हाला दिलेलं नाही," पोरगा म्हणाला आणि त्याने माझी सबकाची वही ओढली. शेरा लिहिला, 'उलट बोलतात'. शेजारी पालकांच्या सहीचा रकाना होता.

सही बायकोने केली. खाली तिने स्वतःहून जोडलं, 'घरीही.'